विषाणू आटोक्यात आला, धमन्यांचे काय?

एचआयव्हीचे निदान म्हणजे मृत्यूचे बोलावणे, ही समजूत आता कालबाह्य झाली आहे. भारतात १ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांतून एआरटीची औषधे विनामूल्य मिळू लागली. ती नियमित घेणारे अनेक रुग्ण आज पन्नाशी-साठी गाठत आहेत. आयुष्य वाढले, तशी एक नवी काळजीही समोर आली. या रुग्णांत हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट आढळतो.

याचे मूळ रक्तवाहिन्यांत आहे. रक्तातील विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, तरी शरीरातील सूक्ष्म दाह पूर्णपणे शमत नाही. त्यामुळे धमनीचे आतील अस्तर बिघडते, त्यात मेद साचतो आणि भिंत जाड होते. तंबाखू, रक्तदाब वा मधुमेह यांची जोड मिळाली की ही क्रिया वेग घेते. वर्षानुवर्षे रुग्णाला मात्र काहीच जाणवत नाही.

ही मूक हानी सोनोग्राफीने पाहता येते. मेंदूकडे रक्त नेणारी कॅरोटिड धमनी मानेत त्वचेच्या जवळ असते. तेथे जेल लावून प्रोब फिरविला की धमनीच्या भिंतीच्या आतील थरांची जाडी मोजता येते. निरोगी प्रौढांत ती साधारणतः १ मिलिमीटरहून कमी असते. एखाद्या जागी ती १.५ मिलिमीटरपर्यंत पोहोचली किंवा ठळक उंचवटा दिसला, तर त्यास ‘प्लाक’ म्हणतात. या तपासणीत सुई नसते, क्ष-किरण नसतात, वेदनाही नसते.

संशोधनात आणखी एक पद्धत वापरतात. हातावरील पट्टा ५ मिनिटे फुगवून रक्तप्रवाह रोखतात. पट्टा सैल करताच निरोगी धमनी रुंदावते. बिघडलेली फारशी रुंदावत नाही.

तथापि, जाडीचा एकच आकडा म्हणजे भविष्यवाणी नव्हे. म्हणूनच ही तपासणी सरसकट प्रत्येकाने करावी, असे तज्ज्ञ सांगत नाहीत. वय, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्यासह तिचा अर्थ लावावा लागतो. प्लाक दिसल्यास मात्र उपचारांची चर्चा टाळू नये.

उपाय हाताशी आहे. भारतासह १२ देशांतील ७,७६९ एचआयव्हीबाधितांवर झालेल्या ‘रिप्रीव्ह’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पिटाव्हास्टॅटिनच्या रोजच्या गोळीने हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्या. परंतु सिम्व्हास्टॅटिनसारखी काही औषधे एआरटीतील काही गोळ्यांसोबत घेणे धोक्याचे असते. यासाठी हृदयरोगतज्ज्ञांना एचआयव्हीच्या उपचारांची पूर्ण कल्पना देणे हिताचे. माहिती गोपनीय राखण्याचा अधिकार २०१७ च्या कायद्याने रुग्णाला दिला आहे.

धमन्यांच्या भीतीने एआरटी थांबविणे तर सर्वांत घातक. औषधांत खंड पडल्यास हृदयविकाराचा धोका वाढतो, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्मार्ट’ अभ्यासात दिसून आले. चातुर्मासात उपवास करणाऱ्यांनी, सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य करणाऱ्यांनी गोळीची वेळ डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवावी. गोळी चुकवू नये. शाकाहार उपकारक खरा, पण तळलेले फरसाण, पापड-लोणच्यातील मीठ आणि तुपाचा अतिरेक धमन्यांना मानवत नाही.

घरात असा रुग्ण असेल, तर त्याची वेळेवरची गोळी, रोजचे चालणे आणि वर्षाकाठची तपासणी यांकडे कुटुंबानेही आपुलकीने लक्ष द्यावे. आजार लपवावा लागला की उपचार मागे पडतात. घराचा आधार मिळाला की ते टिकतात.