अर्धी वंशावळ

पूर्वजांच्या वास्तूचा शोध घेत जबलपूरला येणारा मराठी माणूस गढ्यालाही जातो; मदनमहालाच्या खडकापाशी उभा राहून ‘येथे आपले राज्य होते’ असे मुलांना सांगतो. विधान खोटे नाही, अपुरे आहे. आणि हे अपुरेपण सोयीचे आहे. गढा ही गोंड राजांची जुनी राजधानी. पुढे ती मंडल्याला गेली. १७४२ मध्ये पेशव्यांच्या स्वारीत मंडल्याचा राजा महाराजशाह मारला गेला. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी नरहरशाहाला पदच्युत करून ते राज्यच संपविले. मागून नागपूरकर भोसले आले, १८१७ मध्ये इंग्रज. म्हणजे ‘आपले राज्य’ अवघे छत्तीस वर्षांचे! राणी दुर्गावतीपुढे हात जोडणे सोपे, कारण १५६४ मध्ये तिच्यावर चालून आलेला आसफखान मोगलांचा सरदार होता. नरहरशाहाचे नाव मात्र कोणी विचारीत नाही. पूर्वज येथे राहिले हे अभिमानाने सांगणाऱ्याने, ते येथे कोणाला हटवून राहिले, हेही सांगावयास हवे. त्याच गोंड राजवंशातील शंकरशाह आणि रघुनाथशाह या पितापुत्रांना इंग्रजांनी १८ सप्टेंबर १८५७ रोजी जबलपुरात तोफेच्या तोंडी दिले. गढ्याचे राज्य त्यांच्याकडून घेण्याचे कारणच इंग्रजांना पडले नव्हते. ते काम आधीच झालेले होते.