सुरू होताच बीप देणारा संगणक
वसमत तालुक्यातील कुरुंद्यासारख्या गावात दाखले, पीकविमा आणि परीक्षांचे अर्ज ज्या संगणकावर भरले जातात, तो सुरू होताच बीप देऊन थांबला, तर आधी ते बीप नीट मोजावेत. कारण पडदा उजळण्यापूर्वीच मदरबोर्डवरील बायॉस, म्हणजे यंत्राला जागे करणारा मूळ प्रोग्रॅम, रॅम व ग्राफिक्स कार्ड यांची स्वयंचाचणी घेतो आणि दोष आवाजाने कळवतो. एक लांब व दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा बिघाड, हा संकेत १९८१च्या आयबीएम पीसीपासून चालत आला असला, तरी तो सर्व बायॉसमध्ये सारखा नसतो, म्हणून मदरबोर्डची पुस्तिका पाहावीच लागते. पुष्कळदा दोष असतो तो रॅमच्या बैठकीचा: पावसाळी दमट हवेने व धुळीने तिच्या सोनेरी संपर्कपट्टीवर थर चढतो, आणि वीजजोड काढून, ती पट्टी खोडरबराने हलकेच पुसून, दोन्ही खटके बसेपर्यंत रॅम पुन्हा दाबली की यंत्र बहुधा पूर्ववत चालते. एवढ्या दोषासाठी ग्राहकाच्या गळ्यात नवा मदरबोर्ड मारणे हा सरळ अन्याय आहे. मात्र जुलै २०२२मध्ये कुरुंद्यात शिरले तसे पुराचे पाणी ज्या संगणकात गेले असेल, तो पूर्ण वाळवून जाणकाराकडून तपासल्याशिवाय विजेला जोडू नये.