रेकॉर्डिंग माझं, किल्ली त्यांची

आमच्या कपाटात एक मेलेला सेट-टॉप बॉक्स आहे. रबरबँडने त्याच्या पाठीवर पेनड्राइव्ह बांधलाय. तो टाकायचा नाही, अशी सौभाग्यवतींची ताकीद आहे. त्यात त्यांच्या भजनी मंडळाचा सह्याद्री वाहिनीवर लागलेला कार्यक्रम आहे. म्हणजे आहे, पण दिसत नाही.

मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि बॉक्स गेला. नवा आला. पेनड्राइव्ह लावला तर पडद्यावर पाटी: हे रेकॉर्डिंग दुसऱ्या बॉक्सचं आहे. जोडणीला आलेला मुलगा समंजस होता. म्हणाला, "काका, त्या बॉक्सचं त्या बॉक्सबरोबर गेलं."

निवृत्त विज्ञान शिक्षकाला एवढ्यावर झोप लागत नाही. छत्तीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून आलेल्या लहरी डिश गोळा करते. तिच्या दांड्यावरचं डबडं, म्हणजे एलएनबी, त्यांची वारंवारिता वायरीला झेपेल इतकी खाली आणतं. इथवर सगळ्यांचं सारखंच. पैसे भरायच्या सेवेत मात्र वाहिन्या कुलूप लावूनच येतात आणि ते उघडायची किल्ली बॉक्सला मिळते. माझा बॉक्स पेनड्राइव्हवर लिहितानाही कुलूप घालूनच लिहीत होता, आणि त्याची किल्ली फक्त त्याच्याच पोटात. तासाला एक-दोन जीबी भरत होते, ते माझ्या दृष्टीने बंद तिजोरीत.

महागड्या सिनेमाला कुलूप घाला, माझी तक्रार नाही. पण सह्याद्री? ती सरकारी वाहिनी. डीडी फ्री डिशवर 2004 पासून महिन्याचं भाडं न भरता दूरदर्शन दिसतं. तिथे जे मोकळं, तेच माझ्याकडून दरमहा पैसे घेणाऱ्या बॉक्सात कुलूपबंद का?

मोबाइलची कंपनी बदलली तरी नंबर आपलाच राहतो, 2011 पासून देशभर. सेट-टॉप बॉक्सही कुठल्याही कंपनीला चालावा, अशी शिफारस ट्रायने एप्रिल 2020 मध्ये केली. आमच्या घरात मात्र कंपनी बदलायची तर बॉक्स बदला, हेच अजून चाललंय. ती शिफारस अमलात आणाच; पण त्याआधी निदान दूरदर्शनच्या वाहिन्यांचं रेकॉर्डिंग कुठेही चालेल असं करा. त्यात कोणाचं काय बुडतं?

व्हीसीआर बिचारा असले प्रश्न विचारत नसे. 1998 च्या एप्रिलमधली सचिनची शारजातली 143 धावांची खेळी मी तीन तासांच्या कॅसेटवर घेतली होती. वाळूचं वादळ आलं तेव्हा टेप वाचवायला पॉज दाबला आणि पुन्हा सुरू करायला विसरलो. चिरंजीव आठवडाभर बोलला नाही. पण तीच कॅसेट, कडेला बुरशी धरलेली, गेल्या दिवाळीत मेहुण्याच्या व्हीसीआरवर निमूट चालली. तिने कुणाची ओळख विचारली नाही.

आता गच्चीवर दुसरी डिश लावली आहे, फ्री डिशची, साध्या बॉक्ससकट. त्यावर घेतलेलं रेकॉर्डिंग भाचीच्या लॅपटॉपवर लावून पाहिलं. चाललं. लांब कार्यक्रमाचे चार-चार जीबीचे तुकडे पडतात, एवढंच. तेव्हापासून सौभाग्यवती रोज सह्याद्रीच्या कार्यक्रमांवर नजर ठेवून आहेत. मंडळाचं भजन अजून पुन्हा लागलेलं नाही.