कोयता, लाटव्हिया आणि आपला बीड जिल्हा

मंडळी, युरोपात लाटव्हिया नावाचा एक चिमुकला देश आहे. १९८९ च्या जनगणनेत तिथे साधारण २६ लाख ६७ हजार माणसं होती. आपल्या बीड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ साली २५ लाख ८५ हजार. म्हणजे आपला एक जिल्हा आणि तो अख्खा देश जवळजवळ सारखाच! गंमत इथेच संपते. २००४ मध्ये लाटव्हिया युरोपीय संघात गेला, तरुण पोरं आयर्लंड-इंग्लंडकडे कामाला निघाली आणि २०२१ च्या जनगणनेत तिथे १९ लाखांहूनही कमी लोक उरले. कारणं बरीच आहेत (सोव्हिएत काळात आलेले परत गेले, मुलंही कमी जन्मली), पण गाव सोडून जाणं हे त्यातलं मोठं.

आपल्याकडे काय झालं? १९९१ साली १८ लाख २२ हजार, २००१ साली २१ लाख ६१ हजार, मग २५ लाख ८५ हजार. आकडा चढताच. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे पुढचा हिशोब २०२७ च्या मोजणीनंतर कळेल. वरवर पाहिलं तर वाटेल, आपलं बरं चाललंय, माणसं टिकून आहेत.

पण आपली माणसंही जातातच की! फरक एवढाच की ती परत येतात. दसरा-दिवाळी झाली की शिरूर, पाटोदा, धारूर, वडवणी, आष्टी, केजकडची गावं रिकामी होतात. टायरगाड्या, ट्रक, ट्रॅक्टर भरून माणसं सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर आणि पार कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मार्च-एप्रिलमध्ये फड संपला की माघारी. गावात मागे राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली काही पोरं.

माझं म्हणणं असं आहे की आपल्या जिल्ह्याचे बरेचसे वाईट आकडे या कामाच्या हिशोबातून निघतात. ऊसतोडीत मजूर मोजत नाहीत, कोयता मोजतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला, आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल फिटेपर्यंत तोडायचं, नाही फिटली तर पुढच्या वर्षी परत तोडायचं. आता बघा, पोरगा अठरा-एकोणीसचा झाला की त्याचं लग्न का उरकतात? कोयता पूर्ण होतो म्हणून. आणि वयात आलेली पोरगी सहा महिने गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीने तिचंही उरकतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचा आकडा २१.९. बरोबर दुप्पट!

बाईच्या शरीराचा हिशोबही तसाच. २०१९ साली सरकारी समितीसमोर आलेला आकडा सगळ्यांना आठवत असेल. जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. दर सहा जणींमागे एक. उघड्यावरची कोपी, पाण्याचे हाल, पहाटे तीनला उठून फडात जाणं, खाडा केला तर पैसे कापले जाणार. अशात दुखणं घेऊन गेलेल्या बाईला 'काढून टाका' हाच सल्ला सोयीचा वाटला, तर नवल ते काय?

हे सगळं मात्र गरिबीच्या खात्यावर टाकून मोकळं होता येणार नाही. दर हजार मुलांमागे शून्य ते सहा वयाच्या मुली १९९१ साली ९३९ होत्या. २००१ मध्ये ८९४ झाल्या आणि २०११ मध्ये ८०७. राज्यात सगळ्यात खाली! हे काही फक्त कोयतेवाल्यांचं काम नव्हे. तपासणीला पैसे लागतात, ओळख लागते. पक्क्या घरातले, पगारदार, शिकलेले लोकही त्यात होते. (हे वाचून घरातली काही मंडळी रागावतील. रागवा.) त्या वेळची ती मुलं आज पंधरा ते बावीसच्या दरम्यान आहेत. 'पोराला पोरगी मिळत नाही' अशी तक्रार गावोगाव ऐकू येते, तिचं मूळ तेव्हाच्या सोनोग्राफीत आहे.

मग करायचं काय? जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले, चांगलं झालं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये आणि सरकारने तेवढेच द्यायचे असं ठरलं. पण माझ्या मते दरापेक्षा मोजणी बदलणं महत्त्वाचं. जोडी न मोजता माणूस मोजा. बाईचं नाव वेगळं लिहा, तिची मजुरी तिच्या खात्यावर टाका, आजारपणाची रजा धरा. आणि पोरांची हंगामी वसतिगृहं टायरगाडी गावातून हलण्याआधी उघडा. नंतर उघडून काय उपयोग? तोवर पोरं फडात पोचलेली असतात.

कुणी म्हणेल, आता ऊस तोडायचं यंत्र आलंय, कोयता आपोआप जाईल. जाईल ना! पण कोयता गेल्यावर हातात काय, याचं उत्तर तयार नसेल तर आपलाही लाटव्हिया होईल. तिथला तरुण निदान पासपोर्ट आणि थोडंफार शिक्षण घेऊन गेला. आपला जाईल तो डोक्यावर उचल घेऊन.

माणसांनी गाव सोडू नये, असं मी म्हणत नाही. मी स्वतः पोटासाठी पुण्यात राहतो. १९९५ साली मंजूर झालेली रेल्वे अखेर १७ सप्टेंबर २०२५ ला अहिल्यानगरहून बीडपर्यंत धावली. तिच्यातून खुशाल जावं. फक्त तिकीट स्वतःच्या पैशाचं असावं आणि परत यायचं की नाही, हे मुकादमाने ठरवू नये. पोरींच्या बाबतीत तर एवढंही पुरे की आधी त्यांना जन्माला येऊ द्यावं, आणि मग अठरा वर्षं शाळेत राहू द्यावं.

असो. तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा. विशेषतः गावाकडच्या मंडळींनी.