नागव्यांची बाजू

वाचकहो, ऐन दिवाळीत, घरोघर नव्या कपड्यांच्या घड्या उलगडत असताना, मी नागव्यांचे वकीलपत्र घेऊन उभा राहिलो आहे. रागावू नका. अनारशाचा तुकडा तोंडात टाका आणि ऐका. मी स्वतः सापनच्या डोहात पायजम्यासकट उतरणारा माणूस आहे. तेव्हा ह्या प्रकरणात माझा स्वार्थ काही नाही.

‘नग्नतावाद’ म्हटले की आमच्या परतवाड्याच्या चहाच्या दुकानात एकच निकाल लागतो : “मास्तर, हे सारे गोऱ्याईचे चाळे! त्याईले लाज हाये का शरम?” निकाल ऐकायला ठणठणीत आहे, फक्त खोटा आहे. आजच्या अर्थाचा पहिला ज्ञात नग्नसंघ लंडन-पॅरिसात निघाला नाही. तो १८९१ साली आपल्या ठाण्याकडे निघाला! काढणारा चार्ल्स क्रॉफर्ड इंग्रज होता खरा, पण कोणी टवाळ नव्हे. चांगला जिल्हा व सेशन्स जज्ज. आरंभी सभासद तीन : एक तो आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे. जागा माथेरान. पुढे जज्जसाहेबांची रत्नागिरीला बदली झाली आणि संघ मोडला. (बदलीने भल्याभल्या चळवळी संपतात, हे आम्हा मास्तरांना कोणी सांगायला नको.) जर्मनीतले नग्नवाद्यांचे पहिले उद्यान त्यानंतरचे, १९०३ चे. त्याच जर्मनीत १९३३ साली सत्तेवर येताच नाझींनी ह्या मंडळींवर नीतीच्या नावाने बंदी घातली. त्या नीतिमंतांची पुढची करणी जगाला ठाऊक आहे.

दुसरे काही लोक अंगाशी येताच उलटी उडी मारतात. “छे हो, आपल्याकडे हे पुरातनच! मुनी आहेत, नागा साधू आहेत.” हेही खरे नाही. आमच्या गावाजवळ, सातपुड्याच्या कुशीत मुक्तागिरी आहे. हद्द मध्य प्रदेशची, पण वाट परतवाड्यावरून. तिथल्या बावन्न मंदिरांच्या दर्शनाला जाणारे दिगंबर मुनी आमच्या रस्त्यावरून पायी जातात. हातात पिच्छी आणि कमंडलू, बस्स. बायाबापड्या वाकून नमस्कार करतात, पोरे बाजूला सरतात, आणि कुणाच्या मनात वावगे येत नाही. पण मुनींनी वस्त्र टाकले ते अपरिग्रहापोटी. देहाचेही ममत्व सुटावे म्हणून. नग्नवाद्याला देह सोडायचा नसतो. त्याला ऊन, वारा, पाणी अंगभर घ्यायचे असते. एकाचा विराग, दुसऱ्याचा आनंद. एकाच्या पुण्याईवर दुसऱ्याला खपवण्यात दोघांचाही अपमान आहे. मात्र मुनींना पाहताना आपली नजर सरळ राहू शकते, एवढे तरी त्या रस्त्यावर सिद्ध होतेच ना?

आणि मोठा आक्षेप तो चावटपणाचा. ज्याला चावटपणा हवा, त्याने नग्नवाद्यांच्या वसाहतीत जाऊन पाहावे; बिचारा निराश होऊन परतेल! तिथे आजोबा असतात, नातवंडे असतात, सुटलेली पोटे असतात. बसण्याआधी स्वतःचा टॉवेल अंथरायचा, कुणाकडे टक लावायची नाही, परवानगीवाचून छायाचित्र काढायचे नाही. आमच्या जत्रेत अंगभर लुगडे नेसलेल्या बाईला एवढे संरक्षण मिळते काय? सांगा बरे!

र. धों. कर्वे हेच ओरडून सांगत होते. १९२७ पासून १९५३ साली मरेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, मुखपृष्ठावर नग्न चित्रे छापली. पण त्यांच्यावर १९३४ साली खटला झाला तो चित्रांवरून नव्हे. वाचकांच्या शंकांना दिलेल्या उत्तरांवरून! डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड झालाच. म्हणजे समाजाला उघडे अंग एक वेळ चालते. अंगाविषयी उघडे बोलणे चालत नाही.

माझे खरे भांडण इथे आहे. सार्वजनिक ठिकाणी नागवे हिंडावे असे मी म्हणत नाही. इतरांना उपद्रव होईल असे अश्लील वर्तन कायद्याने गुन्हाच आहे. पण आमच्या आळीतल्या एका बाईने छातीतली गाठ वर्षभर झाकून ठेवली. नवऱ्याला सांगितले नाही, लेकीला सांगितले नाही. डॉक्टरांपुढे पदर बाजूला करायची वेळ आली तेव्हा उपचाराची वेळ टळून गेली होती. तिला कॅन्सरने मारले, असे दाखल्यावर लिहिले आहे. मी तो दाखला अर्धाच खरा मानतो.

शाळेत शरीराचा धडा आला की मुली माना खाली घालतात, मुले खिदळतात आणि पुष्कळ मास्तर “घरी वाचा” म्हणून पान उलटतात. यंदा तो धडा मी वर्गात मोठ्याने वाचला, एकही शब्द न गिळता. तिसऱ्या दिवशी एका पालकाची चिठ्ठी आली : असले शिकवू नये. मी खाली लिहिले : पुस्तक सरकारी आहे, देह देवाचा आहे, दोहोंपैकी कुणाकडे तक्रार करायची ते ठरवा. अजून उत्तर नाही. दिवाळीची सुटी संपली की पुढचा धडा आहे. तोही वर्गातच वाचणार आहे.