संबंधित वस्तू एकाच फेरीत मागण्यात गैर काय?

वेब एपीआय लिहिणाऱ्यांमध्ये एक मत आता सोवळ्यासारखे पाळले जाते. प्रत्येक वस्तूला स्वतःचा पत्ता असावा, एका रिक्वेस्टला एकच वस्तू मिळावी, आणि तिच्याशी जोडलेली दुसरी हवी असेल तर दुसऱ्या पत्त्यावर वेगळी रिक्वेस्ट पाठवावी. संबंधित वस्तू सोबत मागणे म्हणजे ‘रेस्ट’च्या तत्त्वाशी प्रतारणा, असे या पक्षाचे म्हणणे. हे मत मला चुकीचे वाटते. त्याचा भुर्दंड ते मांडणाऱ्याला पडत नाही, एपीआय वापरणाऱ्याला पडतो. म्हणून ते खोडून काढणे गरजेचे आहे.

आधी तत्त्वाचेच पाहू. रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत सादर केलेल्या प्रबंधात रेस्टची मांडणी केली. त्यात ‘डेटाबेसमधले एक टेबल म्हणजे एक रिसोर्स’ असे कुठेही म्हटलेले नाही. ज्याला नाव देता येते ते काहीही रिसोर्स होऊ शकते, इतर रिसोर्सचा संचसुद्धा. शिवाय ही रचना मोठ्या तुकड्यांतल्या देवाणघेवाणीसाठी आहे, हे फील्डिंग स्वतःच सांगतात. मग बिल आणि त्याचा ग्राहक एकत्र देणारा पत्ता तत्त्वभ्रष्ट कसा?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०१५ साली एचटीटीपी/२ आले. एकाच जोडणीवरून अनेक रिक्वेस्ट समांतर जाऊ लागल्या. आता लहान लहान रिक्वेस्ट स्वस्त झाल्या, मग एकत्र मागण्याचा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. सगळे पत्ते आधीच हाती असतील तर हे खरे आहे. पण संबंधित वस्तूंची अडचण नेमकी तिथेच असते. स्ट्राइप या पेमेंट कंपनीचा एपीआय घ्या. एखाद्या व्यवहारातून किती शुल्क कापले गेले हे हिशेबनिसाला हवे आहे. पेमेंटच्या नोंदीत फक्त चार्जचा आयडी असतो, चार्जमध्ये ताळेबंदाच्या नोंदीचा आयडी, आणि शुल्काचा आकडा त्या तिसऱ्या नोंदीत. पहिले उत्तर आल्याशिवाय दुसरा प्रश्न विचारताच येत नाही. इथे समांतरता काय कामाची? मुंबईहून अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या सर्व्हरपर्यंतचे अंतर सुमारे १३,००० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाऊन येण्यातच किमान १३० मिलिसेकंद गेले, आणि अशा तीन फेऱ्यांचे जवळपास ४००. हे अंतर कोणताही प्रोटोकॉल कमी करणार नाही. स्ट्राइपने ‘एक्स्पांड’ हा पॅरामीटर दिला आहे. त्यात चार्ज आणि त्यापुढची नोंद एकाच ओळीत लिहिली की शुल्क पहिल्याच उत्तरात हाती येते.

एपीआय वापरणाऱ्याने न मागताच सर्व्हरने संबंधित वस्तू पुढे ढकलाव्यात, ही ‘सर्व्हर पुश’ची सोयही एचटीटीपी/२मध्ये होती. क्रोमने ती २०२२ मध्ये बंद केली. त्या आशेवर आता विसंबता येत नाही.

कॅशचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. वेगवेगळ्या वस्तू वेगवेगळ्या पत्त्यांवर असल्या की प्रत्येकीची प्रत हवी तितका वेळ जपून ठेवता येते. एकत्र गठ्ठ्यात त्यातली सर्वांत लवकर शिळी होणारी वस्तू साऱ्या गठ्ठ्याचे आयुष्य ठरवते. दर मिनिटाला बदलणारा मालाचा साठा आणि महिनोन्‌महिने न बदलणारे उत्पादनाचे वर्णन एका उत्तरात कोंबणे चूकच. पण यातून ‘काय एकत्र द्यायचे ते विचारपूर्वक ठरवा’ एवढेच निघते. ‘काहीच एकत्र देऊ नका’ हा निष्कर्ष त्यातून कसा काढता येईल?

सर्व्हरवर ताण पडतो, हे म्हणणे तर उलटेच आहे. एपीआय वापरणाऱ्याला ती माहिती हवी असेल तर तो ती मागणारच. शंभर लेखांचे लेखक शंभर रिक्वेस्टनी मागितले, तर ओळखीची तपासणी शंभरदा आणि डेटाबेसला विचारणाही शंभरदा. एकत्र मागितले तर सगळे आयडी सर्व्हरच्या हाती एकदम येतात आणि एका क्वेरीत काम भागते. अर्थात सर्व्हर तसा लिहिलेला हवा. फेसबुकने २०१५ साली खुल्या केलेल्या ग्राफक्यूएलमध्येही निष्काळजीपणे लिहिलेला कोड प्रत्येक लेखासाठी वेगळी क्वेरी मारतो. ते टाळण्यासाठीच डेटालोडर हे साधन बनले.

मर्यादा हव्यातच, आणि त्या आखण्याचे चांगले नमुने समोर आहेत. स्ट्राइप चार पातळ्यांपलीकडे उलगडू देत नाही. गिटहबचा ग्राफक्यूएल एपीआय एका यादीतून एका वेळी शंभरपर्यंतच नोंदी देतो आणि एका विचारणीत पाच लाखांहून अधिक नोड मागू देत नाही. जेसन एपीआय या मानकात ‘इन्क्लूड’ने सोबत आलेली वस्तू उत्तरात एकदाच असते, वीस लेखांचा लेखक एकच असेल तर तो वीसदा येत नाही. सर्व्हरला न पेलणारा संबंध मागितला तर मुकाट्याने दुर्लक्ष न करता ४०० ही चूक कळवावी, असेही तिथे बंधन आहे. परवानगीची तपासणी मात्र आत आलेल्या प्रत्येक वस्तूसाठी स्वतंत्रपणे व्हायलाच हवी. बिल पाहण्याचा अधिकार म्हणजे ग्राहकाचा पत्ता पाहण्याचा अधिकार नव्हे.

एपीआय लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे: तुमच्या सर्व्हरच्या नोंदी उघडा, कोणत्या दोन रिक्वेस्ट नेहमी एकीमागून एक येतात ते पाहा, आणि निदान तेवढ्या जोडीसाठी तरी एकत्र मागण्याची सोय पुढच्या आवृत्तीत द्या.