आधी विचारा, मग सही करा

स्तनाच्या गाठीच्या बायोप्सीत कॅन्सर निघाल्याचा रिपोर्ट घरी आला की बैठक बसते आणि पाच मिनिटांत ठरतं, "उद्याच्या उद्या काढून टाका." माझ्या घरीही तेच झालं. दीर, नणंद, समोरच्या काकू, सगळे बोलले. मी आत चहा गाळत होते.

बायांनो, आठ-दहा दिवस विचारपूस करण्यात गेले तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. महिने मात्र घालवू नका, आणि काढे-लेप यांत तर एक दिवसही नको. गाठ लहान असेल तर ती आणि भोवतालचा थोडा भाग काढून स्तन राखता येतो; पुढे रेडिएशन घ्यावं लागतं. इटलीत आणि अमेरिकेत अशा बायकांची वीस वर्षं नोंद ठेवली. 2002 साली निष्कर्ष छापून आले: स्तन राखलेल्या आणि काढलेल्या, दोघींचं जगण्याचं प्रमाण सारखंच. जास्त कापलं म्हणजे जास्त सुरक्षित, हा आपला घरगुती हिशेब आहे.

राखणं प्रत्येकीला जमेलच असं नाही. स्तनात गाठी दूरदूर पसरल्या असतील तर बहुधा पूर्ण काढणंच बरं. कधी आधी केमो देऊन गाठ लहान करतात, मग राखणं जमू शकतं. रेडिएशनसाठी काही आठवडे रोज जावं लागतं. केंद्र दीडशे किलोमीटरवर असेल आणि घरी लहान पोर असेल, तर एखादी पूर्ण काढायचं ठरवते. तिलाही कोणी नावं ठेवू नयेत.

डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत स्वतः बसा, नवऱ्याला शेजारी बसवून लिहून घ्यायला सांगा. गाठ केवढी, काखेत गेली आहे का, ईआर, पीआर, हर-टू या गाठीच्या चाचण्यांचे निकाल काय आले? ईआर पॉझिटिव्ह असेल तर पुढे पाच वर्षं किंवा त्याहून जास्त रोज गोळी घ्यावी लागते, हे आधीच कळलेलं बरं. दुसरा सल्ला घ्यायचा तर नुसता कागद पुरत नाही. लॅबमधून बायोप्सीच्या तुकड्याची स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. मला ते माहीत नव्हतं, परळच्या रुग्णालयाच्या दोन खेपा फुकट गेल्या. पैशांची अडचण असेल तर भरती होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठून महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं विचारा. मुंबईत राहायची सोय नसेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा.

ऑपरेशननंतर ड्रेनची बाटली लोंबते. आईने जुन्या लुगड्याची पिशवी शिवून दिली, ती गळ्यात अडकवून मी घरभर फिरायचे. हात आखडतो, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्यावर बोटांनी भिंत चढायची. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर अजून पेन्सिलीच्या खुणा आहेत. वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा हाती यायला मला सहा आठवडे लागले. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हातावर लक्ष ठेवा. रोजच्या बांगड्या घट्ट व्हायला लागल्या, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवायला जा.